आठ दिवसांचा दौरा आणि विम्याचा कागद



गळीत हंगाम आटोपला की परदेश दौऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. कोणी ब्राझीलचा ऊस पाहायला निघतो, कोणी नेदरलँड्सची हरितगृहे, तर कोणी लेकीकडे अमेरिकेला. तिकिटासाठी चार ठिकाणी चौकशी करणारा आपला सभासद विम्याच्या बाबतीत मात्र एजंटाला म्हणतो, "टाका काय तो स्वस्तातला, आठ दिवसांचा तर प्रश्न!" हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगण्याआधी माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गटाबरोबर मी ब्राझीलला गेलो होतो. सर्वांचे विम्याचे फॉर्म एजंटाने भरून आणले. "पूर्वीचा काही आजार?" या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच उत्तर, "नाही". सह्या आम्ही उभ्या उभ्या केल्या. त्यात माझीही आली. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सभासदांना बारा वर्षांची शुगर. (कारखान्यात साखरेचा उतारा वाढला की पेढे वाटतो, अंगातली साखर वाढली की लपवतो, अशी आपली तऱ्हा.) तिसऱ्या दिवशी पायाची जखम चिघळली, ताप चढला, खाजगी दवाखान्यात चार रात्री काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी खरे ते सांगितले आणि ते केसपेपरवर उतरले. विमा कंपनीने तो केसपेपर मागवला, फॉर्मशेजारी ठेवला आणि दावा नाकारला. बिल त्यांच्या एकरभर उसाच्या बिलाहून जास्त झाले होते. गटातल्या सगळ्यांनी खिशातले डॉलर एकत्र केले तेव्हा कुठे त्यांना घरी आणता आले. कंपनीला शिव्या देऊन झाल्या, पण सही आमचीच होती.

जनावराचा विमा उतरवला की कानातला बिल्ला आपण किती जपतो! बिल्ला नाही तर दावा नाही, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक. माणसाच्या विम्यात तो बिल्ला म्हणजे हा आजाराचा रकाना.

आता खरे लिहिले म्हणजे सगळे मिळते असेही नाही. बऱ्याच पॉलिसींत आधीच्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. काहींत जिवावर बेतले तरच देतात, तेही धोका टळेपर्यंतच. काहींत जादा हप्ता घेऊन ठराविक रकमेपर्यंत देतात. शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने हीच ओळ आधी वाचावी. एजंट मात्र सामान हरवल्याचे आणि विमान चुकल्याचे कलम आधी दाखवतो. बॅग काय, पुन्हा घेता येते.

रक्कम किती घ्यावी? युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्ती नाही, आणि दवाखाना मात्र तिथेच भलता महाग! तिकडे जाणाऱ्याने ५०,००० डॉलरवर भागवू नये, निदान दुप्पट घ्यावा, असे माझे मत आहे. हप्त्यातला फरक तिकिटाच्या मानाने किरकोळ असतो. घरचा मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही आणि महात्मा फुले योजना तर नाहीच नाही. शिवाय दारूच्या नशेत पडून हातपाय मोडला तर दावा सहसा मिळत नाही. कोणाला उद्देशून लिहिले ते ज्याचे त्याला कळेल.

कंपनीचा मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टात ठेवावा. दवाखान्यात भरती होण्याआधी, नाहीतर झाल्याबरोबर, त्यावर कळवावे लागते. नंतर घरी येऊन बिले दाखवणे फार जिकिरीचे जाते.

माझे म्हणणे एवढेच, की पॉलिसीची पूर्ण प्रत प्रत्येकाच्या हातात पडल्याशिवाय आणि मराठीत समजावून झाल्याशिवाय कारखान्याने एजंटाला दौऱ्याचा शेवटचा हप्ता देऊ नये. मी हे वरिष्ठांपुढे मांडले तेव्हा "एवढं कोण वाचतंय साहेब?" असे उत्तर मिळाले. बरोबर आहे, मीही तेव्हा वाचले नव्हते.

ब्राझीलला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. तो दाखला नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. दौऱ्याला जाणाऱ्यांनी डॉक्टरांची गोळ्यांची चिठ्ठी घेऊन शेतकी ऑफिसात यावे. फॉर्म आपण शेजारी बसून भरू, आणि "पूर्वीचा आजार" हा रकाना सर्वांत आधी.