बॅकड्रॉप लाकडी, सवय मात्र थर्माकोलचीच?

वाढदिवस असो, फ्रेशर्स पार्टी असो, ताईचं डोहाळजेवण असो की कॉलेजचा एखादा ‘डे’. हल्ली केकच्या आधी बॅकड्रॉप ठरतो. स्टोरीला तोच तर दिसणार असतो! त्यात सध्या चलती आहे ती लाकडाची. प्लायची गोल कमान, पट्ट्यांची जाळी, त्यावर लाइटच्या माळा आणि कागदी फुलं. ‘डेकोरेशनवाल्याला कशाला पैसे द्यायचे, आपणच ठोकू की’ म्हणत तुमच्यापैकी अनेकांनी हातात करवतही घेतली असेल. झकास! पण हातात करवत आली, म्हणजे आपण पर्यावरणाचंही भलं करतोय का? इथे थोडं थांबायला हवं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. गणपतीच्या मखरांसाठी तरी सवलत द्या, अशी मागणी थर्माकोल व्यावसायिकांनी उच्च न्यायालयात केली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लास्टिकवर बंदी आली. सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर या यादीत आहेत. राज्याच्या नियमानुसार पहिल्यांदा पकडलं गेलं तर पाच हजार रुपये दंड. दुसऱ्यांदा दहा हजार. तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

आता यातली गंमत बघा. नेहमीचा फ्लेक्स १०० मायक्रॉनपेक्षा जाड असतो, त्यामुळे तो या यादीतून अलगद सुटतो. आणि लाकडाला तर कुणीच हात लावत नाही. म्हणजे बंदी आली ती वस्तूवर. ‘एक दिवस वापरा, फोटो काढा, फेकून द्या’ या सवयीवर नाही. सिंगल यूज हा वस्तूचा गुण नसतोच, तो वापरणाऱ्याचा असतो. एका संध्याकाळीपुरता बनवलेला प्लायचा बॅकड्रॉपही सिंगल यूजच.

शिवाय प्लाय आणि एमडीएफ म्हणजे निव्वळ लाकूड नव्हे. लाकडाचे पातळ थर किंवा तंतू रेझिनने चिकटवून ते बनतात. या रेझिनमध्ये बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड असतं आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणून एमडीएफ बंद खोलीत कापू नका, कापताना मास्क लावा. आणि पार्टी संपल्यावर उरलेले तुकडे शेकोटीत तर मुळीच घालू नका. भंगारवाला लोखंड घेतो, रद्दी घेतो. ऑइल पेंट मारलेल्या, खिळे ठोकलेल्या प्लायला तो सहसा विचारत नाही. मग ती पडून राहते गच्चीवर, पावसात फुगत.

यावरचं उत्तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटोळी किंवा माटवी बांधतात. लाकडी चौकट वर्षानुवर्षं तीच. बदलतात ती तिला बांधलेली फळं, पानं, रानफुलं. तुमच्यातल्या एकांकिकावाल्यांना दुसरं उदाहरण सांगायला नको. लाकडी चौकटीवर कापड ताणलं की झाला फ्लॅट. आज ती वाड्याची भिंत, उद्या रंग बदलला की पोलीस चौकी. सांगाडा कायमचा, साज बदलता. घरच्या बॅकड्रॉपलाही हेच सूत्र लावा.

म्हणजे करायचं काय? अखंड प्लाय घेऊच नका. आठ बाय चार फुटांची १२ मिमीची एक शीट साधारण वीस किलो भरते. ती मागे नीट टेकवली नसेल आणि केक कापताना कुणाचा धक्का लागला, तर काय होईल याचा विचार करा. त्याऐवजी लाकडी पट्ट्यांच्या सहा बाय तीन फुटांच्या दोन चौकटी बनवा, प्रत्येकीला मध्ये एक आडवी पट्टी. दोन्ही मिळून ४२ फूट पट्टी लागते. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा, म्हणजे हवं तेव्हा सुटं करता येईल. दोन्ही चौकटी बिजागऱ्यांनी जोडल्या की पुस्तकासारख्या अर्धवट उघडून उभ्या राहतात. तरी पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवाच. गच्चीवर वारा असेल, तर कठड्याला बांधून टाका. वर आईची जुनी साडी, ओढणी, चादर, कागद, काहीही लावा. लाइटच्या माळेची वायर सोललेली नाही ना, हेही बघा. पार्टी संपली की मिटून हॉस्टेलच्या कॉटखाली सरकवा.

जुन्या पॅलेटचं लाकूड वापरणार असाल, तर त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणू नका.

हिशेबही सोपा आहे. समजा, सामानाला दोन हजार लागले. एकदा वापरून टाकला, तर बॅकड्रॉप दोन हजारांना पडला. दहा कार्यक्रमांना वापरला, तर दोनशेला. आणि दहा कार्यक्रम काही फार नाहीत. एका मित्रमंडळात वर्षाला तेवढे वाढदिवस सहज होतात.

खरी अडचण आहे ती जागेची. वन बीएचकेमध्ये आणि हॉस्टेलच्या खोलीत कितीसं ठेवणार? इथे कॉलेजने पुढे यायला हवं. दर वर्षी नवी फेस्ट कमिटी नवा बॅकड्रॉप बनवते आणि जुना जिन्याखाली कुजतो. जुन्या कमिटीने हिशेबाच्या वहीसोबत चार चौकटीही नव्या कमिटीच्या हवाली केल्या, त्यांना एक कोपरा आणि एक कुलूप मिळालं, तर फेस्टच्या बजेटमधला एक खर्च दर वर्षी वाचेल. विद्यार्थी प्रतिनिधीने एक अर्ज करावा, एवढंच काम आहे.

तेव्हा पुढच्या पार्टीसाठी लाकूड आणायला निघालात, तर ‘कसा दिसेल?’च्या आधी ‘नंतर कुठे ठेवायचा?’ हे ग्रुपवर विचारा. उत्तर आलं नाही, तर बनवू नका. कुणाकडे तरी आधीच बनवलेला पडून असेल, तोच मागून आणा.