जळगाव ते धुळे विमानाने फक्त अकरा मिनिटं!

दोन गावांची नावं टाका, विमानाचं अंतर आणि वेळ नेट लगेच सांगतं. जळगाव आणि धुळ्याचं गणित तर कागदावरही होतं. कुसुंब्याच्या विमानतळापासून गोंदूरच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषेत साधारण ९० किमी. एटीआर विमान ताशी ५०० किमीने उडतं असं धरलं, तर अकरा मिनिटं!

पण भाऊ, हे विमान आहे कुठे? गोंदूरला प्रवासी सेवा नाही, तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं पायलट घडवतात. आणि समजा सुरू झालं, तरी तासभर आधी पोहोचा, तपासणी करा, मग चढणं-उतरणं. तेवढ्यात एरंडोल मागे टाकून आपली एस.टी. पारोळ्याला लागलेली असते.

हे सांगायचं कारण, ‘धुळ्यालाही विमानसेवा हवी’ ही मागणी अधूनमधून निघतेच. ऐकायला गोड आहे. पण आधी जळगावचा अनुभव बघा. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेत एअर डेक्कनचं मुंबई विमान सुरू झालं, काही महिन्यांत बंद. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आलं, २०२२ मध्ये तेही थांबलं. एप्रिल २०२४ पासून फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि मग पुणे जोडलं. जूनमध्ये अलायन्स एअर मुंबईसाठी आलं. म्हणजे धावपट्टी जागेवरच होती, टिकत नव्हती ती सेवा. व्यापारी असो की पेशंटचा नातेवाईक, पुढच्या महिन्यात विमान असेल की नाही हे माहीत नसेल तर तो रेल्वेचंच तिकीट काढणार. मग विमान रिकामं, आणि रिकामं म्हणून बंद.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शंभर किमीच्या आत दोन अर्धपोटी विमानतळ नकोत. एकच चालवा, पण नेमाने चालवा.

धुळेकर म्हणतील, ‘म्हणजे पुन्हा सगळं जळगावलाच!’ राग रास्त आहे. विद्यापीठही तिकडेच आहे. म्हणूनच विमानतळ जळगावचा न राहता खान्देशचा व्हायला हवा. विमानाच्या वेळेला जोडून धुळे, अमळनेर, पारोळ्याहून थेट बस सोडा. आज कुसुंब्याला उतरलेल्या धुळेकराने पुढे जायचं कसं? स्वतःची गाडी, नाहीतर जळगाव स्टँड गाठा.

आणि खरी मागणी रेल्वेची करा. ताप्ती मार्ग जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा करत सुरतेला जातो, पण धुळे शहर टाळून. धुळेकराला रेल्वेने जळगावला यायचं तर आधी चाळीसगावला जाऊन गाडी बदलायची. धुळे-नरडाणा मार्गाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तो मार्ग सुरू झाला की धुळे या लाइनवर येईल. कॉलेजच्या पोराला, शेतमजुराला, दवाखान्यात निघालेल्या आजीला परवडेल असा हाच प्रवास आहे.

विमान अकरा मिनिटांत पोहोचेल की बारा, याने कोणाचं काही अडलेलं नाही. अडलंय ते नरडाण्यापर्यंतच्या पन्नास किमी रुळांवर. पुढच्या सभेत नेत्यांना तारीख विचारा, तीही विमानाची नको, रेल्वेची.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर!