नदीकाठी फिरायचे, पण काठ राहिला तर!

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नातीला घेऊन पुण्यात बंडगार्डनच्या काठाने फिरायला गेलो. नदीसुधार योजनेतला बांधून झालेला हा तुकडा. सपाट पदपथ, बसायला जागा. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही चालणे सुखाचे वाटले. पुढे येरवड्याच्या बाजूला, डॉ. सालिम अलींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षी अभयारण्यात शिरलो. तिथे मातीची पायवाट, कपड्यांना चिकटणारी कुसळे आणि नाकाला झोंबणारा नदीचा वास. पण अर्ध्या तासात नातीने खंड्या, वंचक आणि लांब गुलाबी पायांचा शेकाट्या ओळखला. परतताना तिने विचारले, "आजोबा, तिकडच्या पदपथाजवळ हे पक्षी का नव्हते?"

प्रश्न पोरीचा असला तरी उत्तर शहराने द्यायचे आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठाची ही योजना. मार्च २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. काठ खुले होतील, अतिक्रमणे थांबतील, पुराचे पाणी नीट वाहील, असे महापालिका म्हणते. विरोधकांचे म्हणणे, भराव आणि भिंतींनी पात्र आवळले जाईल आणि काठची जुनी झाडी जाईल. याच झाडांसाठी २९ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले होते.

पुराची गोष्ट पुणेकरांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. घरात पुढे कितीतरी वर्षे काळ मोजला जायचा तो 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असा. २५ जुलै २०२४ ला तर धरण फुटले नव्हते. जोरदार पाऊस आणि खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग, एवढ्यानेच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. नदीला अंग पसरायला जागा लागते, ती आपण दिली नाही तर ती आपल्या घरात येऊन घेते.

मग फिरायचेच नाही का? फिरायचे, जरूर फिरायचे! माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना बांधीव वाट हवीच. ती वर, रस्त्यालगत असावी. खालच्या काठाला माती, उंबर, करंज आणि पाणथळ राहू द्यावे. तिथे पायवाट पुरे. आणि आधी पाणी स्वच्छ व्हावे. जपानच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा करार २०१६ मध्ये झाला. काठ कितीही सजवला, तरी नाकाला रुमाल लावून कोण फिरणार?

नातीला मी म्हटले, "पक्ष्यांना फरशी नको, चिखल लागतो." ती म्हणाली, "मग थोडा चिखल ठेवायला सांगा ना!"

सांगतो आहे.