थंडीचा आकडा आणि दुकानातला माल

मुंबईत सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांवर उतरला होता. फेब्रुवारी 2008 मध्येही तो 10 अंशांखाली गेला. शहाड-कल्याण समुद्रापासून आत असल्याने येथील रात्री मुंबईपेक्षा गार असतात. अशा थंडीची बातमी आली की आम्ही कापडवाले पानिपतची ब्लँकेटे आणि लुधियानाचे स्वेटर उधारीवर भरतो. येथेच आमची चूक होते.

आकडा एका रात्रीचा असतो, धंदा मुदतीवर चालतो. उत्तरेचे वारे थांबले की आपल्याकडची कडक थंडी थोड्याच दिवसांत ओसरते. लुधियानात स्वेटर महिनोन्‌महिने अंगावर राहतो, येथे तो लगेच पेटीत जातो. माल पडून राहतो, रक्कम अडकते आणि देणे फेडण्यासाठी व्याजाचे कर्ज दारी येते.

आमच्या मते गरम माल थोडा आणि रोखीनेच घ्यावा. रजईचे काम पिंजारी बांधवांना मागणीप्रमाणे द्यावे, त्यांचीही रोजी चालेल. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तो जानेवारीत व पुन्हा डिसेंबरअखेर सुरू होईल. तेव्हा ईदचे कापड आणि गरम माल यांना एकाच वेळी भांडवल लागेल. हात आखडता घेण्याची सवय आजच लावावी.

आणि दोन-चार ब्लँकेटे थंडी असतानाच स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना द्यावीत. इन्शाअल्लाह, बरकत त्यातच आहे.