क्रिमिनल केस : शोधायला मजा, थांबायला सजा



मोबाईल गेम म्हणजे वेळेची नासाडी, हे तुम्ही घरी रोज ऐकता. मी आज उलटं सांगतोय. धंदा सुरू करायचा विचार असेल तर 'क्रिमिनल केस' एकदा खेळून बघा. फक्त गिऱ्हाईक म्हणून नको, दुकानदार म्हणून खेळा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसच्या प्रिटी सिंपल कंपनीनं २०१२ साली हा गेम फेसबुकवर आणला. २०१३ चा सर्वोत्तम गेम म्हणून फेसबुकनंच त्याची निवड केली. नंतर तो मोबाईलवर आला. ग्रिम्सबरो नावाच्या शहरात तुम्ही पोलिसांचे डिटेक्टिव्ह. समोर पसाऱ्यानं भरलेलं चित्र, सोबत वस्तूंची यादी. पटापट शोधाल तेवढे जास्त मार्क, मार्कांवर तारे, आणि तारे खर्च करून पुढचा तपास.

यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगू? गेम शोधण्यात फसवत नाही. यादीत आहे ती वस्तू चित्रात असतेच. तेच चित्र चौथ्यांदा आलं की हात आपोआप तिथे जातो. हार्डवेअरच्या दुकानातला जुना पोऱ्या मान वर न करता पाऊण इंची एल्बो काढून देतो ना, अगदी तसं. शिकवणी नाही, माहितीपुस्तक नाही, आणि नवख्याला पाच मिनिटांत वाटतं, "जमतंय की मला!" (शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचं नाव नेथन पंडित आहे. उगाच बरं वाटलं, असो.)

आता कच्ची बाजू. तपास म्हणतात तो नावालाच. खुनी असा दिसतो, अमुक खातो, अशी माहिती जमत जाते आणि शेवटी एकच संशयित तिच्यात बसतो. डोकं फार चालवायला लागत नाही.

पण खरी गोम एनर्जीत आहे. सुरुवातीला ११० एनर्जी, एका चित्राला २० लागते. म्हणजे पाच डाव झाले की गाडी थांबली. मग वाट बघा, नाहीतर संत्र्याचा ज्यूस, चिप्स, बर्गर वापरा. शवविच्छेदनाचा अहवाल तर कधी कधी १८ तासांनी येतो. घाई असेल तर पैसे मोजा. प्रयोगशाळेत खरं तर कोणीच काम करत नसतं हो! ते घड्याळ कंपनीनंच लावलंय.

फुकट सुरुवात करून देण्याला माझा विरोध नाही. साताऱ्यात कंदी पेढा आधी हातावर ठेवतात, मग वजन करतात. पण स्वतःच वाट अडवायची आणि मोकळी करायचे पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. आणि ही आयडिया आपल्याकडे उचलू बघणारे बरेच जण ट्रेनिंगला भेटतात.

समजा तुमचं सांगलीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर कारागिराला रात्री बसवून काम करून घेतलंत, तर अर्जंटचे दीडशे जादा घ्या, हक्कानं घ्या. पण ब्लाउज शिवून खुंटीला लटकतोय आणि तुम्ही म्हणताय, "ताई, आठ दिवस लागतील, अर्जंट हवा तर दीडशे जादा." हे त्या १८ तासांसारखंच झालं. गेमला परवडतं, कारण एक खेळणारा गेला तर जगभरातून दुसरा येतो, आणि फुकट खेळणाऱ्याचा त्यांना खर्च जवळपास शून्य. तुमच्याकडे येणाऱ्या बायका एकाच गल्लीतल्या, एकाच हळदीकुंकवाला भेटणाऱ्या. खुंटीवरचा ब्लाउज एकीनं जरी पाहिला, तरी संक्रांतीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

म्हणून माझं मत : पहिल्या चार-पाच केस जरूर खेळा. कार्ड जोडू नका, नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि शेजारी वही घेऊन बसा. ज्यूस विकत घ्यायचा मोह नेमका कधी झाला, तेव्हा किती तारे कमी होते, पुढे काय दिसणार होतं, तेवढं लिहून काढा.