टोकाची हालचाल कशाला म्हणावे?

विद्यार्थिमित्रहो, एके काळी कॅमेरा ही मोजक्या घरांतील चैनीची वस्तू होती. रिळात छत्तीस चित्रे मावत आणि ती जपून वापरावी लागत. आता घरातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा असतो आणि चित्र काढायला वेगळा पैसाही पडत नाही. त्यामुळे शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतून छायाचित्रांच्या स्पर्धाही होऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा स्पर्धांना कधी 'पाऊस', कधी 'श्रमाचे हात' असा विषय दिलेला असतो. आणि कधी 'एक्स्ट्रीम ॲक्शन' असा. मराठीत आपण त्याला 'टोकाची हालचाल' म्हणू.

हा विषय दिला की कोणती चित्रे येतात, याचा अंदाज तुम्हीही कराल. एका चाकावर धावणारी मोटारसायकल, कड्यावरून डोहात सूर मारणारा मुलगा, लोकलच्या दाराबाहेर लोंबकळणारा तरुण. टोकाची हालचाल म्हणजे जिवावरचा खेळ, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. माझे म्हणणे असे की, हे समीकरण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चुकीचे आहे, चित्रकलेच्या दृष्टीने तोकडे आहे आणि जिवाच्या दृष्टीने घातक आहे. हे तिन्ही मुद्दे आपण क्रमाने पाहू.

प्रथम 'हालचाल' हा शब्द घ्या. हालचाल नेहमी कशाच्या तरी मानाने असते, हे तुम्ही नववीत शिकता. तुम्ही बाकावर स्वस्थ बसला आहात. पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तरी तेवढ्यात तुम्ही, तुमचा बाक आणि कॅमेरा मिळून ३० मीटर पुढे गेलेले असता! तरीही चित्र स्पष्ट येते, कारण कॅमेराही तुमच्याबरोबरच गेला. तेव्हा वेगाचा नुसता आकडा मोठा असून भागत नाही. शटर उघडे असेपर्यंत वस्तू कॅमेऱ्याच्या मानाने किती सरकली, हा खरा प्रश्न आहे.

आता थोडे गणित करू. ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ४० मीटर जातो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडे ठेवले, तर तेवढ्यात तो ८ सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे चित्रात चेंडूऐवजी लांबट पुसट पट्टा उमटणार. हाच काळ सेकंदाच्या चार हजाराव्या भागावर आणला, तर चेंडू १ सेंटिमीटरच सरकेल आणि त्याची शिवणही ओळखता येईल.

अंतराचीही गंमत पहा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान आपल्यापासून १० किलोमीटरवर असेल, तर ते आकाशात संथपणे सरकताना दिसते. उलट, कॅमेऱ्यापासून १० सेंटिमीटरवरून सेकंदाला केवळ अर्धा मीटर वेगाने जाणारा डास घ्या. त्रिज्यीत हिशेब केला, तर विमानाचा कोनीय वेग ०.०२५ येतो आणि डासाचा ५. म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने डास विमानाच्या दोनशे पट वेगवान ठरला! ज्याला टोकाची हालचाल टिपायची आहे, त्याने विमानतळावर जाण्याचे कारण नाही. संध्याकाळी खिडकीत बसले तरी पुरे.

म्हणून माझ्या मते या विषयाचा अर्थ असा लावावा: जी हालचाल आपल्या डोळ्यांच्या मर्यादेपलीकडची आहे, ती टोकाची. डोळ्याला जे सहज दिसते, ते नुसते पुन्हा दाखवणारे चित्र कितीही थरारक असो, त्याने नवीन काही सांगितले नाही. छायाचित्रणाच्या इतिहासातली मोठी चित्रे याच कसोटीला उतरली आहेत.

घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा प्रश्न होता. नुसत्या डोळ्यांनी त्याचा निकाल लागत नव्हता. १८७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या वाटेत दोरे ताणून ते कॅमेऱ्यांच्या शटरांना जोडले. घोडा धावला, दोरे तुटत गेले आणि एकामागून एक चित्रे निघाली. चारही पाय सुटतात, हे तर सिद्ध झालेच. पण ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा शतकानुशतके रंगवीत आले होते.

दुसरे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्रज पदार्थवैज्ञानिक द्रवात थेंब पडला असता उडणाऱ्या तुषारांचा अभ्यास करीत असे. अंधाऱ्या खोलीत ठिणगीच्या क्षणिक उजेडात जे दिसे, ते तो कागदावर रेखाटून ठेवी. वर्षानुवर्षे त्याने काढलेल्या आकृती सुबक आणि सममित होत्या. पुढे १८९४ च्या सुमारास त्याने ठिणगीच्याच उजेडात छायाचित्रे घेतली आणि काय आश्चर्य! प्रत्यक्ष तुषार वेडेवाकडे, कुठे तुटलेले, कुठे कमीजास्त उंचीचे निघाले. सुबकपणा त्याच्या मनाने भरला होता. ही गोष्ट त्याने प्रांजळपणे लिहूनही ठेवली. कॅमेऱ्याने त्याला वेग तर दाखवलाच, शिवाय आपल्या नजरेवर किती विसंबावे हेही शिकवले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरल्ड एजर्टन हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. क्षणभर चमकणाऱ्या दिव्याचा उपयोग करून त्यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाने उठलेला मुकुट टिपला आणि १९६४ साली सफरचंदातून आरपार गेलेली बंदुकीची गोळी. त्या दुसऱ्या चित्रात सफरचंदाचा गर गोळी बाहेर पडते त्या बाजूने उडालेला दिसतो, तसाच ती शिरली त्या बाजूनेही उडालेला दिसतो. गोळीचा धक्का जिकडे, तिकडेच सगळे उडेल, ही आपली समजूत एका चित्राने खोटी ठरवली. हीच वाट पुढे कुठवर गेली पहा: २०२३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक इलेक्ट्रॉनांच्या हालचालींचा वेध घेण्यासाठी ॲटोसेकंदाचे, म्हणजे सेकंदाला १० चा १८ वा घात इतक्या भागांत वाटल्यावर येणाऱ्या मापाचे, प्रकाशस्पंद निर्माण करण्याच्या प्रयोगांबद्दल देण्यात आले.

"पण हे सारे मोठ्या प्रयोगशाळांचे झाले, आमच्या घरी काय आहे?" असे तुम्ही विचाराल. पुष्कळ आहे. भर उन्हात परात ठेवून २० सेंटिमीटर उंचीवरून तीत पाण्याचा थेंब सोडा. पृष्ठभागावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर असतो, हे गतीच्या समीकरणांवरून तुम्हीच काढून पहा. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात तो १ मिलिमीटर सरकेल, म्हणजे आकार ओळखू येईल इतपत स्पष्ट चित्र मिळेल. कुणाकडे वेगळा फ्लॅश असला, तर काम आणखी सोपे होते. असा फ्लॅश कमीत कमी शक्तीवर लावला, तर सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागापुरताच चमकतो. अंधाऱ्या खोलीत तोच शटरचे काम करतो.

फुग्यात पाणी भरून तो टाचणीने फोडा आणि मोबाइलच्या मंदगती चित्रणाने टिपा. रबर फाटून मागे ओढले जाते, पण पाणी क्षणभर फुग्याच्याच आकारात अधांतरी राहते. जडत्वाचा नियम याहून स्पष्ट कुठल्या पुस्तकात दिसेल?

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. त्याच्या शेंगेचा खेळ मात्र तीन दिवसांचाही नाही, काही मिलिसेकंदांचा आहे. पावसाळा सरताना पिकलेल्या शेंगेला बोट लावा. सालीत साठलेला ताण सुटतो, साल गुंडाळली जाते आणि बिया दूर उडतात. मोबाइल सेकंदाला २४० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांमध्ये सुमारे ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते. तेवढ्यात शेंग बहुतेक फुटून मोकळी होते! एका चित्रात ती बंद, पुढच्यात रिकामी. हे 'फसलेले' चित्रही स्पर्धेला द्यावे. शेंगेचा वेग आपल्या साधनाच्या पुढे आहे, हे तेच तर सांगते.

टोक दोन बाजूंना असते, हेही ध्यानात असू द्या. पिंपळाचे रोप जुनी भिंत फोडते, हीदेखील हालचालच आहे. दर रविवारी एकाच जागेवरून, एकाच वेळी चित्र घ्या आणि वर्षाची बावन्न चित्रे ओळीने लावा. किंवा अंधाऱ्या गावी कॅमेरा ध्रुवताऱ्याकडे रोखून स्थिर ठेवा आणि तासभर शटर उघडे ठेवा. प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढील. चित्रात तारे फिरलेले दिसतील, पण फिरली असेल आपली पृथ्वी.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. चित्रासाठी रुळांवर, धबधब्याच्या तोंडाशी, समुद्रातल्या खडकांवर जाऊन मुले जीव गमावतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २०१६ साली मुंबईत पोलिसांना काही जागा धोक्याच्या ठरवून तिथे सेल्फी काढण्यास मनाई करावी लागली. यात नुसता बेफिकीरपणा नसतो, दृष्टिभ्रमही असतो. मोबाइलचे साधे भिंग रुंद कोनाचे असते. त्यातून दूरची वस्तू आहे त्याहून लहान, म्हणून आहे त्याहून दूर भासते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २८ मीटर येते. पडद्यावर "अजून लांब आहे" असे वाटणारी गाडी १४० मीटरवर असेल, तर तुमच्याजवळ फक्त पाच सेकंद आहेत. आणि चालकाने त्याच क्षणी ब्रेक दाबला, तरी गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. हा हिशेब कुणाच्या धाडसाने बदलत नाही.

कोणी म्हणेल, मग खेळांची चित्रे काढूच नयेत का? अवश्य काढावीत. कबड्डीतली पकड, मल्लखांबावरची उडी, खो-खोतला सूर ही हालचाल अस्सल आहे. ते खेळाडू वर्षानुवर्षे सराव करून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तो क्षण गाठतात आणि चित्र काढणारा मैदानाच्या रेषेबाहेर उभा असतो. माझा विरोध धाडसाला नाही. चित्रासाठी मुद्दाम घडवून आणलेल्या धोक्याला आहे, आणि अशा चित्राला बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनाही आहे. एका वर्षी असे चित्र पहिले आले, की पुढच्या वर्षी दहा मुले त्याहून पुढे जाऊ पाहतात.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. हा विषय द्यायचा असेल, तर प्रत्येक चित्रासोबत पाच-सहा ओळींचे टिपण सक्तीचे करावे. काय हलत होते, त्याचा अंदाजे वेग किती, तो कसा काढला, शटर किती काळ उघडे होते आणि चित्र काढणारा कुठे उभा होता, एवढे त्यात असावे. निम्मे गुण त्या टिपणाला द्यावेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचे दिसले, किंवा पक्ष्याला घरट्यावरून उठवल्याचे दिसले, तर चित्र कितीही सुंदर असो, ते बाद करावे. आणि हल्ली संगणकाला सांगून हवे तसे चित्र तयार करता येते, तेही या स्पर्धेत नको. तसे चित्र आपल्या कल्पनेइतकेच सुबक येईल. वर्दिंग्टनला जे वेडेवाकडे सत्य सापडले, ते त्यात सापडणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, सुरुवात करण्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. फिरत्या पंख्याचे मोबाइलने भरपूर उजेडात चित्र घ्या. बऱ्याच वेळा पाती वाकलेली, कोयत्यासारखी दिसतील. पाती तर सरळ आहेत, मग असे का? बहुतेक मोबाइलचा कॅमेरा सबंध चित्र एकदम घेत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि तेवढ्यात पाते पुढे सरकते. आता पंख्याची गती कमीजास्त करून, मोबाइल आडवा-उभा धरून पुन्हा चित्रे घ्या. वाक कसा बदलतो ते वहीत लिहा आणि त्यावरून एक ओळ वाचायला किती वेळ लागतो, याचा अंदाज बांधून पहा. जमल्यास वर्गात सरांना किंवा बाईंना दाखवा. स्पर्धेसाठी याहून चांगले चित्र शोधायला फार लांब जावे लागणार नाही, याची मला खात्री आहे.