पिशवी कुणाच्या हातात?

बेलपाड्याजवळच्या एका महाविद्यालयात पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी मोबाईलवर छोट्या फिल्म केल्या होत्या. तीन-चार मिनिटांच्या अकरा फिल्म. तीन परीक्षकांपैकी मी एक. बाकीचे दोघे कॅमेरा आणि संकलन बघणार आणि वस्तीतल्या बायांबरोबर काम करणारी म्हणून ‘सामाजिक बाजू’ मी बघायची, अशी वाटणी होती.

अकरांपैकी सात फिल्ममध्ये गोष्ट एकच. एक बाई खिडकीतून नाहीतर नाल्यात कचऱ्याची पिशवी टाकते. कुणीतरी शहाणा मुलगा तिला अडवतो. ती खजील होते. मग संगीत, हिरवं झाड आणि ‘पृथ्वी वाचवा’. पिशवी टाकणारा पुरुष एकाही फिल्ममध्ये नव्हता. सातवी फिल्म संपली तेव्हा माझा संयम संपला. माईक हातात होताच. मी म्हटलं, “ही फिल्म बाईलाच गुन्हेगार ठरवते. तुम्ही मुली असून तुम्हाला हे खटकलं नाही?”

ती फिल्म बेलपाड्यातच राहणाऱ्या, पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीची होती. पिशवी टाकणारी बाई म्हणजे तिची आई. लेकीचं कौतुक बघायला ती शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. मुलीनं मान खाली घातली. चहा होण्याआधीच दोघी निघून गेल्या.

मी बोलले ते खोटं नव्हतं. पण खारघर स्टेशनपर्यंत चालत येताना त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. बायांची बाजू घेण्याच्या भरात मी भर सभेत दोन बायांनाच गप्प केलं होतं.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. आई म्हणाली, “ताई, हिनं सांगितलं पिशवी टाक, म्हणून टाकली. एरवी मी कशाला टाकू? ह्या बघा.” दारातल्या दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वाळत होत्या. साठल्या की ती त्या भंगारवाल्याला देते. मी मुलीला तिची फिल्म पुन्हा लावायला सांगितली. पहिल्याच दृश्यात, आईच्या खांद्यामागे, ती दोरी आणि त्या पिशव्या स्वच्छ दिसत होत्या. मुलीनं ते चित्रित केलं होतं, पण तिला ते दिसलं नव्हतं. आम्हा तिघा परीक्षकांनाही दिसलं नव्हतं. एकजण उजेड बघत होता, दुसरा संकलन, आणि मी चूक शोधत होते.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं आहे की, मुलांच्या फिल्मवर अभिप्राय देणं हे आपल्या चळवळीचंही काम आहे आणि ते आपण नीट शिकलेलो नाही.

हा साचा मुलींना मिळतो कुठून? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की, प्रत्येक चित्रपटगृहानं आणि व्हिडिओ पार्लरनं दर खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा होण्याचा रस्ताही त्याच निकालातून निघाला. पुढे २०१८मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. ही पावलं गरजेचीच होती. पण यातून भिंतींवर, पुस्तकांत, जाहिरातींत जे उतरलं ते एवढंच, की नागरिकानं सुधारावं. घरातला कचरा, भाजीची पिशवी, सांडपाणी, हे सगळं बाईच्या हातातून जातं. त्यामुळे चित्र काढायचं ठरलं की नागरिक म्हणून बाईच उभी राहते, आणि तीही आरोपीच्या पिंजऱ्यात.

बेलपाड्यात तर हे जास्तच बोचतं. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी यांवर इथली आगरी-कोळी घरं चालत होती. लावणी, मीठ वाहणं, निवट्या नि चिंबोऱ्या धरणं, पाटी डोक्यावर घेऊन विकायला जाणं, यातलं कितीतरी काम बायांचं. सातबारा मात्र बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे मोबदलाही त्यांच्याच हातात. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाचजण मारले गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण बायांच्या गेलेल्या कामाची भरपाई कुठल्याच योजनेत नव्हती. आज बेलपाड्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते आणि खाडीवर वाढलेल्या बायांच्या सुना-लेकी खारघरच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करतात. अशा गावातली मुलगी पर्यावरणावर फिल्म करते आणि तिला दोषी म्हणून आपली आई सापडते! हा तिचा दोष नाही. पण तो साचा तसाच पुढे जाऊ देणं हा आपला दोष ठरेल.

त्याच दुपारची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आठवी फिल्म तीन मुलींची होती. वसतिगृहातले वापरलेले पॅड कुठे जातात, कोण उचलतं, हा विषय. मुलं हसली. माझ्या शेजारचे परीक्षक म्हणाले, “विषय चांगला आहे, पण हा आरोग्याचा झाला, पर्यावरणाचा नाही.” २०१६च्या घनकचरा नियमांत पॅड गुंडाळून वेगळे देण्याची तरतूद होती आणि कचरावेचकांचाही स्पष्ट उल्लेख होता. पुण्यात १९९३पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, मुंबईत १९९८पासून स्त्री मुक्ती संघटनेचा ‘परिसर विकास’, यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं की शहराचा कचरा बायांच्या उघड्या हातांनी निवडला जातो. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण आधीच्या फिल्मवर मी इतकी तडकले होते की पुन्हा बोलायचा संकोच वाटला. म्हणजे जिथे बोलायचं नव्हतं तिथे बोलले आणि जिथे बोलायचं होतं तिथे तोंड मिटलं.

माझी एक मैत्रीण, जुनी कार्यकर्ती, हे ऐकून म्हणाली, “तू उगाच हळवी होतेस. आपण होर्डिंगांना डांबर फासलं तेव्हा कुणाच्या भावना विचारल्या होत्या का?” तिचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. त्या आंदोलनांमुळेच स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा आला. पण ते होर्डिंग जाहिरात कंपनीचं असायचं. इथे समोर अठरा वर्षांची मुलगी आहे, आणि ज्या फलकावर डांबर पडणार आहे त्यावर तिच्या आईचा चेहरा आहे. समोर कोण आहे ते पाहून हत्यार निवडायला नको का?

एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्याचे अहवाल आम्ही दर आठवड्याला लिहायचो. एक मार्गदर्शक समासात लाल शाईनं शेरे मारायचे: ‘अपुरे’, ‘वरवरचे’. तो अहवाल मी पुन्हा उघडतच नसे. दुसऱ्या बाई फक्त प्रश्न लिहायच्या. ‘ती हे बोलली तेव्हा नवरा घरात होता का?’ एवढ्या एका ओळीसाठी मी पुन्हा वस्तीत गेले आहे. शेरा मुलीला घरी पाठवतो, प्रश्न तिला परत वस्तीत पाठवतो.

व्हिडिओच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही. १९६७मध्ये कॅनडातल्या फोगो बेटावरच्या कोळ्यांवर फिल्म झाल्या. सरकारला ती वस्ती हलवायची होती. फिल्म करणाऱ्यांनी चित्रण आधी बेटावरच्या लोकांनाच दाखवलं आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे त्यांना विचारलं. एकमेकांना पडद्यावर बघून लोक बोलायला लागले, पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि वस्ती हलली नाही. १९८४मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’तल्या बाया व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. तेव्हापासून त्या आपलीच गाऱ्हाणी चित्रित करून आपल्याच बायांना दाखवत आल्या. म्हणजे पहिला अभिप्राय कुणाचा, तर जिचं चित्र घेतलं तिचा.

तेच आम्ही बेलपाड्यात केलं. मी मुलीची माफी मागितली आणि तिला दोनच प्रश्न विचारले: “आई पिशव्यांचं खरं काय करते? आणि आईच्या आईच्या वेळी इथे काय होतं?” तिनं पुन्हा मोबाईल काढला. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी गल्लीत चादर टांगून नवी फिल्म दाखवली. वीसेक बाया होत्या.

काय काय सूचना आल्या! एक बाई म्हणाली, “माझा आवाज घेतलास, मग शेवटी माझं नाव का नाही लिहिलंस?” दुसरी म्हणाली, “गाणं बंद कर गं, आम्ही काय बोलतो ते ऐकूच येत नाही.” शेजारची आजी म्हणाली, “पिशवी दाखवलीस बाय, पन खाडी कोनी बुजवली तं नाय दाखवलंस.” कुठल्याच परीक्षकाला हा प्रश्न सुचला नव्हता.

चौथी बाई सगळ्या उठल्यावर हळूच आली. रात्री खारफुटीत डेब्रिज टाकायला येणाऱ्या गाड्यांबद्दल ती फिल्ममध्ये बोलली होती. खारफुटी तोडण्या-बुजवण्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे, म्हणजे हा भाग सगळ्यात मोलाचा. ती म्हणाली, “माझा मुलगा तसल्याच गाडीवर आहे. मला काढ.” मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तुझी फिल्म आहे, तू ठरव.” तिनं तो भाग काढला. आता फिल्ममध्ये भरावाचा ढीग दिसतो, बाई दिसत नाही. पुराव्याच्या दृष्टीनं फिल्म दुबळी झाली, हे खरं. पण त्या बाईला त्याच गल्लीत राहायचं आहे. पर्यावरण वाचवण्याची किंमत पुन्हा तिनंच का द्यावी?

या सगळ्यातून माझ्यापुरतं मी जे ठरवलं ते असं. आधी काय दिसलं ते सांगायचं, तेही नेमकं दृश्य सांगून; ‘छान प्रयत्न’ म्हणून बोळवण करायची नाही. मग प्रश्न विचारायचा: यात काम कोण करतंय, बोलतंय कोण, आणि ज्यानं नुकसान केलं तो चौकटीत आहे का? कठीण गोष्ट व्यासपीठावरून बोलायची नाही, शेजारी बसून बोलायची. एका वेळी एकच सूचना, पुढच्या चित्रणाआधी करता येईल अशी. तंत्राच्या सूचनाही द्यायच्याच, कारण त्याही निरागस नसतात. पंखा बंद कर, मोबाईल बाईच्या तोंडाजवळ धर, मागचं संगीत काढ, हे तंत्र आहेच, पण त्यामुळे बाईचा आवाज ऐकू येतो. आणि शेवटी, स्पर्धेत पाठवण्याआधी फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवली का, हे विचारायचंच.

नवी फिल्म स्पर्धेचा निकाल लागल्यावर तयार झाली, त्यामुळे बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. पहिलं बक्षीस पिशवी टाकणाऱ्या बाईच्याच एका फिल्मला मिळालं, आणि गुणपत्रिकेवर माझीही सही आहे. पॅडवरची फिल्म करणाऱ्या तिघींना मी निरोप पाठवला आहे. ती फिल्म आमच्या गटाच्या बैठकीत दाखवायची आहे, आणि त्या वेळी इमारतींचा कचरा उचलणाऱ्या बाया पहिल्या रांगेत असतील.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणींना शाळा-कॉलेजात परीक्षक म्हणून बोलावतात. पुढच्या वेळी माईक हातात घेण्याआधी पडद्याच्या मागच्या बाजूला, दोरीवर, कोपऱ्यात काय आहे ते एकदा पाहा. आणि तुम्हाला काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.